चिंचेनंतर विहीर

"ह्या वर्षी गाऱ्हाणं दुसऱ्या कुणाकडे तरी द्यायला हवं. गेल्या शिमग्याला कसा अडकलेला, बघितलंस ना?"

बोलणारे आमच्या शेजारचे काका होते आणि मी त्यांच्या मागेच ओटीचं ताट घेऊन उभी होते. त्यांना मी दिसले नव्हते. माझ्या बाबतीत असं बऱ्याचदा होतं.

"अडकला तर तू हायस ना," त्यांच्या बाजूचा म्हणाला. "मोबाईलवर लिहून आणलायस म्हणे. देवाला फॉरवर्डच करून टाक."

दोघेही हसले. मी ताटातला नारळ उगाचच सरळ केला.

शिमग्यात ग्रामदेवाची पालखी आमच्या आळीत येते, तेव्हा तिच्यासमोर उभं राहून आळीच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे आहे. आजोबांनंतर तो बाबांकडे आला. बाबा बंदरातल्या बर्फाच्या कारखान्यात कामाला होते, आता घरीच असतात. वर्षभर कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. त्या एका दुपारी मात्र सगळी आळी त्यांच्या तोंडाकडे बघते आणि प्रत्येक मागण्यानंतर 'होय महाराजा' म्हणते. तो मान गेला असता, तर बाबा कुणाला काही बोलले नसते. पुढच्या वर्षी मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले असते, बस.

मला ते गाऱ्हाणं पाठ होतं. शाळेत आम्ही इंग्रजी कविता घोकायचो आणि घरी, खिडकीत बसून, दरवर्षी हे ऐकायचो. चिंचेपासून, विहिरीपासून, गिरणीच्या भिंतीपासून खाली पाणंदीपर्यंत जी लेकरं नांदतात, त्यांच्या पाठीशी उभा राहा. दोन कुंपणांमधल्या चिंचोळ्या वाटेला पाणंद म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. रोज तिच्यातूनच शाळेच्या बसला जात होते तरी.

मग रस्ता रुंद झाला. आधी चिंच गेली, तिच्या पाठोपाठ विहीर बुजवली. भाताची गिरण पाडली आणि पाणंद काँक्रीटखाली गेली. जांभ्या दगडाची सहाण, म्हणजे पालखी टेकवायचा चौथरा, तीही वाटेत येत होती म्हणून कोपऱ्यावर नवीन बांधली, फरशा लावून. कुणी भांडलं नाही. खड्ड्यांना आम्हीही कंटाळलो होतो आणि रस्ता हवा म्हणून दिलेल्या अर्जावर बाबांचीही सही होती. पुढच्याच शिमग्याला बाबा पहिल्यांदा अडकले. वय झालं, असं सगळे म्हणाले. मलाही तसंच वाटलं होतं.

ढोल जवळ आले. पालखी वळणावरून आली आणि भर रस्त्यात, जुनी सहाण होती बरोबर तिथे, भोयांनी पाय थांबवले. मागून रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

"अरे पुढं घ्या, पुढं. सहाण तिकडं गेली आता."

"सवय हो," पुढच्या दांड्याखालचा भोई ओशाळून म्हणाला. पालखी कोपऱ्यावर नेऊन टेकवली. बायकांनी ओट्या भरल्या. मीही ताट पुढे केलं आणि बाजूला झाले. ढोल थांबले.

बाबांनी टोपी सारखी केली आणि हात जोडले. "बा देवा महाराजा, आज तुझी सगळी लेकरं तुझ्या पायाशी उभी हायत..."

"होय महाराजा."

"...ह्या चिंचेपासून..."

हे म्हणताना त्यांनी मान उजवीकडे वळवली. तिकडे, रुंद झालेल्या रस्त्याच्या कडेला, उंच निळे पत्रे होते आणि त्यांच्यावर होऊ घातलेल्या बिल्डिंगचं चित्र. चित्रात पोहण्याचा तलाव होता. बाबा त्या चित्राकडे बघत राहिले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाबांनी हे कधी पाठ केलंच नव्हतं. चिंच दिसली की 'चिंच' म्हणायचं, डोळा खाली आला की विहीर, मग गिरण. ते आळी बघत बोलायचे. बघायला काही उरलं नाही, तसे शब्दही उरले नाहीत. डॉक्टरकडे नेऊन, बदामाचं दूध देऊन यावर काही होणार नव्हतं. आणि हे मी तिथे कुणाला सांगणार होते? सगळ्यांनी हात जोडलेले होते. गुरव खाली बघत होते. काकांनी खिशातून मोबाईल काढला होता.

"चिंचेनंतर काय ता?" बाबांनी हळूच विचारलं. कुणा एकाला नाही, असंच.

"आता काय हाय तिथं?" काका म्हणाले. आवाज तसा प्रेमळच होता. "समस्त रहिवासी म्हण नि मोकळा हो. नायतर सर बाजूला, मी वाचतो."

बाबा खरंच एक पाऊल मागे सरले.

पुरुषांच्या त्या घोळक्यात बाईमाणूस 'होय महाराजा'पलीकडे काही बोलत नाही आणि मी तर तेवढंही ओठांतच म्हणायचे. माझ्या बोलण्याने बुजवलेलं काही वर येणार नव्हतं. पुढच्या वर्षी बाबा पुन्हा त्या पत्र्यांकडेच बघणार होते, किंवा पत्रे काढून उभ्या राहिलेल्या भिंतीकडे.

माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला.

"विहीर, बाबा. चिंचेनंतर आपली विहीर. मग गिरण, मग पाणंद."