माझ्या गाडीला हात कोण लावतं?

माझ्या गाडीला माझ्याशिवाय कोणी हात लावलेला मला खपत नाही. गाडी म्हणजे बॅटरीवर चालणारी चारचाकी स्कूटर, पायानं अधू माणसांसाठी असते ती. पुढं हँडल, मधे खुर्चीसारखी सीट, आणि सीटच्या मागं प्लास्टिकच्या झाकणाखाली तिचा सगळा जीव: मोटार, गिअरबॉक्स, ब्रेक. माझा डावा पाय पोलिओनं लहानपणीच गेला. शाळेत शिक्षिका म्हणून नोकरी केली, तीही रोज कुणाच्या ना कुणाच्या मागं बसून. कधी भाऊ, कधी रिक्षावाला, कधी शेजारीण. "जरा थांबा", "आज नाय जमणार", "आवरलं का तुमचं?" हे ऐकत ऐकत रिटायर झाले. मग ही गाडी आली आणि मी कुणाला न विचारता कोथिंबीर आणायला जाऊ लागले. ज्यानं आयुष्यभर विचारून उंबरा ओलांडला, त्यालाच कळेल ही काय चैन असते.

म्हणून मी तिला जपते. चाकाच्या दांड्याला गुंडाळलेले केस अन् दोरे चिमट्यानं काढते. मोटारीतले कार्बनचे ब्रश झिजायला लागले की ती गुरगुरते, ते मला लगेच कळतं. नळाला पाणी येतं त्या दिवशी आख्खी गल्ली पाइप घेऊन अंगणं धुते, तेव्हा मी दारात काठी घेऊन बसते. गाडीवर एक शिंतोडा उडाला तरी बोंब मारते. गल्ली मला खडूस म्हणते. म्हणू दे.

तर ही गाडी एका सकाळी सरकली.

आमची गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथं चांगलाच उतार आहे. या गाडीला पायाचा ब्रेक नसतो. हँडलजवळची कळ दाबली की ती चालते, सोडली की थांबते, आणि थांबताना मागून 'खट्ट' असा आवाज येतो. तो ब्रेक बसल्याचा आवाज. एकदा खट्ट झालं की मग उतार असो नाहीतर घाट, गाडी जागची हलत नाही. त्या सकाळी मी उताराच्या तोंडाशी थांबले, समोरून ट्रक जाऊ देत होते. खट्ट झालं, पण कसंतरीच, दबकं. आणि गाडी हळूहळू पुढं जायला लागली. कळ तर मी सोडलेलीच होती, अजून काय सोडणार? ट्रकची मागची चाकं येताना दिसत होती. रस्त्यात घुसायच्या आधी एका भाजीवालीच्या हातगाडीला धडकले म्हणून वाचले. "ओ बाई, मरायचंय का? बघा माझ्या टमाट्याचं काय केलं!" असं ती ओरडली, आणि मग माझं तोंड बघून तिनंच मला पाणी पाजलं.

संध्याकाळी भाऊ कामावरून आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "ताई, बास झालं. विकून टाकू गाडी. कुठं जायचं ते सांगत जा, मी नेतो." चिकलठाण्याच्या कंपनीत पाळ्या करणारा हा माणूस मला कोथिंबिरीला नेणार! मी हातापाया पडले म्हणा ना. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे, दुरुस्त करून घे. पण अजून एकदा सरकली, तर मी तुझं ऐकणार नाही." म्हणजे ब्रेक टिकला तर मी, नाहीतर परत ते "जरा थांबा".

माझा पहिला संशय मेकॅनिकवर. छावणीत बाजाराच्या मागं त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. पंखे, पाण्याच्या मोटारी, ई-रिक्षा, सगळं एकाच ओट्यावर. थोड्या दिवसांपूर्वीच त्यानं माझ्या गाडीचे कार्बन बदलले होते. तेव्हा मी समोर बसले होते खरी, पण मधे एकदा चहा आला होता. माझ्या मनात पाल चुकचुकली. चहा पिताना यानं माझा चांगला ब्रेक काढून कुठला तरी जुनाट बसवला असणार!

भावानं टेम्पोतून गाडी तिथं टाकली आणि मी स्टूल ओढून दोन हातांच्या अंतरावर बसले. या वेळी चहा नको म्हणून सांगितलं. त्यानं झाकण काढलं, मोटारीच्या टोकाला असलेला ब्रेक उघडला, आतल्या चकतीवरून बोट फिरवलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. चकाकत होतं.

"मॅडम, ब्रेक में तेल कौन डाला?"

"तुम्हीच. दुसरं कोण?"

"मैं? मैं कायको डालूं? ब्रेक सूखाच रहना. तेल लगा तो पकडताच नै."

"चोराच्या उलट्या बोंबा!" मी म्हणाले. तो भडकला. म्हणाला, घेऊन जा गाडी, जिथून आणली त्या कंपनीकडून करून घ्या. मीही उठणारच होते, पण उठताना मला दिसलं की ब्रेकवर धूळ जाऊ नये म्हणून एक रबराची टोपी असते, ती जागेवर नाही. "आणि ती टोपी कुठं गेली?"

आता त्यानं मान खाजवली. "वो फट गई थी. फेंक दी. नवी मंगाता मैं, हौ, गुस्सा नक्को करो."

बघा! अर्धा चोर तर सापडला. तेलाचं मात्र तो शेवटपर्यंत कबूल झाला नाही, अल्लाची शपथ घेतली. त्यानं चकती पेट्रोलनं धुतली, वाळवली, पॉलिश पेपरनं घासली. दुकानासमोरच्या चढावर मी गाडी उभी करून पाहिली. खट्ट! कसं खणखणीत. गाडी खांबासारखी उभी. टोपी आली की निरोप देतो म्हणाला.

काही दिवस मजेत गेले. मग एका सकाळी घरासमोरच्या रॅम्पवर परत तोच दबका आवाज आणि परत तेच सरकणं. नशीब, मागं भिंत होती. मी गाडी गुपचूप पोर्चमध्ये लावली आणि कुणापाशी एक शब्द काढला नाही. भावाला कळतं तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात उभं केलं असतं त्यानं.

पण या वेळी मेकॅनिक कसा? त्यानंतर मी तर त्याच्याकडं गेलेच नव्हते. बाहेर गाडी माझ्या बुडाखालीच असायची, नजरेआड व्हायची ती फक्त घरात. म्हणजे तेल घालणारा घरातलाच.

घरात माणसं तरी किती! वर भाऊ आणि भावजय. खाली मी आणि अप्पा, माझे वडील. आई गेल्यावर त्यांना गंगापूरकडच्या गावातून इथं आणलं. नव्वदीला आलेत, डोळे जवळजवळ गेलेत. पोर्चमध्ये गाडीशेजारी त्यांची बाज असते, तिथं रेडिओ कानाला लावून पडून असतात. त्यांना समोरचा माणूस दिसत नाही, ते बिचारे गाडीची काय राखण करणार. भाऊ तर घरात टिकतच नाही. राहिली भावजय.

आणि सगळं जुळत गेलं. तिला तिची मोपेड पोर्चमध्ये लावायची असते. "ताई, तुमची गाडी थोडी सरकवून घेता का?" हे रोजचं. विकायची गोष्ट त्या संध्याकाळी भावानं बोलून दाखवली खरी, पण तो पायरीवर असतानाच ती त्याच्या कानाशी लागलेली मी पाहिली होती. गोडबोली माणसं मला आधीपासूनच आवडत नाहीत. मी काय केलं, गाडीच्या झाकणाच्या कडेला पावडर भुरभुरवून ठेवली, तोंडाला लावतो ती. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर बघितलं तर पावडर पुसलेली, आणि बोटं उठलेली.

मी जिन्यातच तिला गाठलं. "मी ट्रकखाली गेले असते तर पोर्च मोकळं झालं असतं, नाही का गं?"

तिला आधी काही कळेचना. कळलं तेव्हा तिच्या हातातली कपड्यांची बादली पायरीवर आदळली. "मी तेल घालीन तुमच्या गाडीत? ताई, मला स्वतःच्या डोक्याला तेल लावायला वेळ मिळत नाय! आणि तुम्हाला काय झालं तर दवाखान्यात कोण बसणार? तुमचा भाऊ? मीच ना?" असं म्हणून ती रडत वर गेली. मी म्हणते रडणं काय, कुणालाही येतं. त्या दिवशी वरून चहा आला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी मोठ्यानं, वरपर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं, "मी पडते गं जरा!" आतलं दार लावल्यासारखं केलं आणि पोर्चकडच्या खिडकीच्या पडद्याआड खुर्ची टाकून बसले. आज रंगेहाथ धरायची आणि संध्याकाळी भावासमोर उभी करायची, असा माझा बेत.

जरा वेळानं भावजय खाली आली. ती दोरीवरचे कपडे काढायला निघाली होती. माझ्या गाडीपाशी आल्यावर तिनं साडीचा पदर आवरून घेतला, खरकट्याजवळून जावं तशी अंग चोरून गेली, आणि कपडे घेऊन तशीच वर गेली. मला राग आला. म्हणजे हीही नाही?

मग बाज वाजली. अप्पा उठून बसले होते. मला वाटलं पाणी हवं असेल, हाक मारणार तेवढ्यात ते भिंत धरून गाडीच्या मागं गेले आणि खाली बसले. घरातल्या डब्याचं झाकण काढावं इतक्या सहज त्यांनी गाडीचं झाकण उचललं. बंडीच्या खिशातून बाटली काढली. ती बाटली मीच आणून दिलेली होती, त्यांचं पोट साफ व्हावं म्हणून. एरंडेलाची. दुसऱ्या हातानं त्यांनी मोटार चाचपली, बोट बरोबर ब्रेकच्या उघड्या तोंडाशी नेलं, आणि बाटली तिरपी केली.

"अप्पा!"

ते दचकलेसुद्धा नाहीत. "झोपली नाय व्हय?"

मी काठी टेकत कशी बाहेर आले मला ठाऊक नाही. तोंड मात्र सुटलं होतं. "अहो, काय करताय तुम्ही हे? तिथं तेल घालायचं नसतं! त्या तेलानं माझी गाडी ट्रकखाली चालली होती अप्पा, मेले असते मी!"

ट्रकचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बाटली धरलेला त्यांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी अंदाजानं बाटली जमिनीवर ठेवली. "ट्रकखाली?" एवढंच म्हणाले.

माझा आवाज खाली आला. "कशाला घालत होता?"

"लई वाजते गं ती. निघाली की खट्ट, थांबली की खट्ट. मला हितं पडल्या पडल्या ऐकू येतं. म्हणलं कोरडी पडली. बैलगाडीचा आस बी आसाच वरडायचा, एरंडेल घातलं की गप व्हायचा. जिथं वाजतंय तिथंच हात लावून घालत व्हतो मी."

"तो ब्रेक आहे अप्पा. तो वाजलाच पाहिजे. वाजला म्हणजे गाडी धरली."

"बाजारात बी वाजत आसंल मग."

"वाजू दे की."

"लोक वळून बघत आसतील."

त्यांनी तोंड माझ्याकडं केलं, म्हणजे माझा आवाज जिथून आला तिकडं. "तुला साळंत घातली, तव्हा तुझ्या पायात ती लोखंडाची पट्टी बसवलेली व्हती. गुडघ्याशी करकर करायची. तू वर्गात शिरली की समदी पोरं वळून बघायची. तुझ्या गुरुजीनं सांगितलं मला पारावर. म्हणला, पोर खाली मान घालून बसती. मग रोज पहाटं तू झोपेत असतानाच घालायचो तेल तिच्यात. थोडं थोडं, तुझ्या परकराला डाग नको म्हणून. वाजायची बंद झाली ती."

ती पट्टी मला आठवते. करकर आठवत नाही. मला आयुष्यभर वाटत आलं की माझ्याकडं वळून बघायची कुणाची छाती होत नाही, कारण मी तशी बघू देत नाही. वर्गात, बाजारात, लग्नकार्यात. माझा दराराच तसा आहे, असं मी मैत्रिणींना सांगायचे.

गाडीचं आता कळलं होतं. ब्रेक पुन्हा धुवून घ्यायचा, टोपी बसवून घ्यायची, वर जाऊन भावजयीसमोर नाक घासायचं, तेवढं सगळं करायचं होतं. पण मी तिथंच फरशीवर त्यांच्याशेजारी बसले. माझ्या पायानं खाली बसणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम, ते कसं झालं कळलं नाही.

"बघू देत अप्पा," मी म्हणाले. "आता या वयात मला काही वाटत नाही त्याचं."

"तुला नसंल वाटत, माय," ते म्हणाले. "मला वाटतं."

त्यांचे हात फरशीवर बाटली शोधत होते. ती त्यांना सापडली. बूच काढून ते तसेच बसून राहिले.

"मग कुठं घालू?"

मी त्यांचं मनगट धरून हात पुढच्या चाकाशी नेला. तिथं काही वाजत नाही. ते बेअरिंग बंद असतं, त्याला तेल लागत नाही की पोचत नाही. "इथं अप्पा," मी म्हणाले. "इथं वाजतंय."

त्यांनी कान चाकाला लावला, मान हलवली, आणि थेंब थेंब एरंडेल सोडलं. ते चाकावरून ओघळून फरशीवर आलं. अप्पांनी बाटलीला बूच लावलं आणि हात धोतराला पुसले.

"जा आता कुठं जायचं ते," म्हणाले. "आता कोणी वळून बघायचं नाय."