पदर वर घेतला आणि बायको परकी झाली

निवृत्तीनंतर खून-दरोड्यांचे कितीतरी तपास विसरलो, पण ती एक फिर्याद अजून लख्ख आठवते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. शिरपूरजवळच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. एका सकाळी शेजारच्या गावचे पोलीस पाटील खबर घेऊन आले. त्यांच्या गावातला एक शेतकरी स्वतःच्याच बायकोला घरात येऊ देत नव्हता आणि कुऱ्हाडीला धार लावून बसला होता. जिवाच्या भीतीने बाई माहेरी गेली होती. मी कुऱ्हाड जप्त केली आणि त्याला ठाण्यात आणलं.

"साहेब, ती मनी बायको नही शे. तिनं रूप लिसन दुसरीच घरमा घुशेल शे. मनी बायकोले कोनी तरी मारी टाकं."

म्हणजे बायकोचं रूप घेऊन दुसरीच कुणी घरात शिरली होती आणि खऱ्या बायकोला कुणीतरी मारून टाकलं होतं, असं त्याचं म्हणणं. माणूस निर्व्यसनी. जमिनीचा वाद, बाहेरचं लफडं, सगळं उलटसुलट विचारून पाहिलं. संशय घेण्याचाच आम्हाला पगार, पण इथे काही हाती लागेना.

मग बाईला बोलावलं. भावासोबत आली. सासरगावचे पाटील समोर, म्हणून रिवाजाप्रमाणे पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. दारातूनच म्हणाली, "चला घर. ढोरं वाट दखी राह्यनात."

नवऱ्याचा चेहरा उजळला. "कोठे गयथी व तू? साहेब, हाईच मनी बायको."

प्रकरण मिटलं म्हणून मी खूश. पाटलांना बाहेर पाठवलं आणि रीतसर ओळख पटवायला तिला पदर वर घ्यायला सांगितला. तिला पाहताच तो खुर्चीमागे सरकला. "हाई ती नही शे."

बाई रडू लागली. मी मात्र चमकलो. आवाज ओळखतो, तोंड दिसलं की परकी. नाटक करणारा अशी गफलत करत नाही. बाईला विचारलं, यांना कुठे मार लागला होता का? कापसाच्या भरल्या गाडीवरून पडले होते, तेव्हापासून डोकं दुखायचं. रक्त आलं नाही, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

मी त्याला धुळ्याच्या इस्पितळात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी कवटीच्या आत साकळलेलं रक्त काढलं. त्यांनी समजावलं की चेहरा त्याला नीट दिसत होता, पण पाहताक्षणी 'ही आपली' असं जे आत वाटतं ते वाटत नव्हतं. आवाजाची वाट शाबूत होती. तेव्हापासून विचित्र तक्रार घेऊन येणाऱ्याला खोटारडा ठरवण्याआधी मी डोक्याच्या माराबद्दल विचारू लागलो. हाताखालचे हसायचे, मी हसू द्यायचो.

बरा झाल्यावर तो जबाबाला आला. सोबत पाटील आणि पदर ओढलेली बायको. पुन्हा ओळख विचारायचा मला धीर होईना. तोच तिच्याकडे वळला. "पदर वर कर व. माले तुले दखू दे."

पाटलांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. तिने पदर वर घेतला. तो बघतच राहिला, आणि मग ती लाजली.

मी हवालदाराला म्हटलं, "यांची कुऱ्हाड यांना परत द्या."