मिक्सरभाऊ

माइक तपासताना मिक्सरभाऊ कधी ‘हॅलो, हॅलो’ म्हणाले नाहीत. ते भाजीबाजार करत. “सांभार, भेंडी, शेपू, फणस,” असं शांतपणे म्हणत (सांभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर), मान तिरकी करून ऐकत, आणि पुन्हा एकदा “शेपू” म्हणत. मंडपातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. भाऊंचं म्हणणं, “हॅलोत काय समजते? शेपूच्या ‘श’त शिट्टी समजते, फणसाच्या ‘फ’त वारा.”

मेहकरला बस स्टँडच्या मागे त्यांचं दुकान होतं. पाटीवर ‘येथे मिक्सर दुरुस्त होतील’ एवढंच लिहिलेलं. आवाजाचे मिक्सर, असं नव्हतं; त्यामुळे निम्म्या बाया चटणीचे मिक्सर घेऊन यायच्या. भाऊ कोणालाच परत पाठवत नसत. “तोबी मिक्सरच हाये. त्याच्यात चटणी, याच्यात गाणं. बिघडलं का दोन्ही घरांत भांडण.” शेजारी शिलाई मशीनवर बसलेल्या वहिनी म्हणत, “आमच्या घरचा चटणीचा तेवढा बंद हाये. त्याचा नंबर कधी लागन?”

माझी त्यांची ओळख बीबी गावच्या कार्यक्रमात झाली. मी शाळेत मास्तर आणि आमच्या भीमगीतांच्या पार्टीत पेटीवाला. आमच्या मिक्सरचे फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या त्या सरकत्या कळा, नुकतेच कुठूनतरी बदलून आणले होते. पहिलंच गाणं सुरू झालं आणि स्पीकर किंचाळायला लागला. आमच्या माणसाने घाबरून कळ खाली ओढली, तर किंचाळणं आणखी वाढलं. लोक कानावर हात ठेवून उठायला लागले. तेवढ्यात पाहुणा म्हणून आलेला एक माणूस स्टेजवर चढला आणि त्याने कळ सरळ वर ढकलली. एकदम शांत.

“काऊन घाबरता? उलटं लावलं हाये कोणीतरी,” भाऊ हसत म्हणाले. “आज खाली म्हणजे वर समजा अन् गाणं म्हना.” त्या दिवशी आमचं सगळं गाणं असं उलट्या कळांवर झालं, आणि छान झालं.

नंतर दुकानात त्यांनी मला फेडर उघडून दाखवला. त्याला तीन पाय. एका टोकाच्या पायात आवाज येतो, दुसऱ्या टोकाचा पाय जमिनीला, म्हणजे ग्राउंडला जातो, आणि मधला पाय कळीबरोबर सरकतो; त्यातून हवा तेवढा आवाज बाहेर पडतो. “दोन टोकं जागची हालत नाहीत, मास्तर. सारी धावपळ मधल्याची. पन टोकं अदलाबदल झाली, तं मधल्यानं कितीबी धावलं तरी उलटंच.” हे सांगताना ते मधल्या पायावर बोट असं ठेवत, जणू त्याची कीव येत होती.

मग त्यांचा हात थरथरायला लागला. आधी चहा बशीत सांडायचा. आम्हाला वाटलं, वय. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हा पूर्ण बरा होत नाही असंही सांगितलं. फेडरच्या त्या बारीक पायांवर तार जोडायची, तर सोल्डरचं, म्हणजे कथिल वितळवून डाग देणाऱ्या तापत्या सळईचं, टोक सुईसारखं स्थिर हवं. भाऊंचं टोक पायावर टिकेना. शेवटी एक दिवस त्यांनी सोल्डर बंद केलं आणि ते मांडीखाली हात दाबून बसून राहिले.

वहिनी मशीनवरून उठल्या. “द्या इकडे. टाकाच तं मारायचा हाये. कपड्याचा नाही तं कथिलाचा.”

पहिल्या दिवशी त्यांनी दोन बोटं भाजून घेतली. भाऊ चिडायचे, “आधी पाय अन् तार तापव! नुसतं कथिल वितळवून थापू नको. दोन्ही तापले का आपोआप धरते.” वहिनी मान वर न करता म्हणाल्या, “हे लग्नाच्या वेळेस सांगतलं असतं तं बरं झालं असतं.” आम्ही पोट धरून हसलो, भाऊही हसले, किती दिवसांनी. पुढे वहिनींचे टाके असे उतरायला लागले की भाऊ भिंग लावून पाहत आणि गिऱ्हाइकाला दाखवत, “हे आमच्या बाईचं काम.”

आमच्या पार्टीचं मोठं डेस्क, म्हणजे मोठा मिक्सर, त्यांच्याकडे पडलं होतं. सगळे फेडर बदलायचे होते. अर्धे झाले आणि एका सकाळी वहिनींच्या छातीत कळ आली. गाडी बुलढाण्याला पोहोचायच्या आत त्या गेल्या.

वहिनींच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर मी भेटायला गेलो. डेस्क तसंच उघडं, वर वहिनींचा टॉवेल. मी डेस्ककडे पाहिलंही नाही. भाऊच म्हणाले, “मास्तर, बसा. अर्धं राह्यलं.”

ते सांगत गेले, मी टाके मारत गेलो. माझा टाका बसला नाही की ते “पुन्हा” म्हणत, एवढंच. वहिनींनी लावलेल्या बाजूच्या फेडरवर त्यांनी आपला हात पालथा ठेवला होता. तो थरथरत होता, आणि त्याखालच्या कळा बारीक वाजत होत्या. काम झालं तेव्हा त्यांनी माइक हातात घेतला, तोंडाजवळ नेला आणि परत ठेवून दिला. “चालन,” म्हणाले.

नंतर मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. दुकानाचं शटर त्याने ओढलं; भाऊंनी मागे पाहिलं नाही.

मागच्या हंगामात मोताळ्याच्या कार्यक्रमात डेस्कची एक कळ खरखरायला लागली. उघडलं, तर ती वहिनींनी लावलेली. मी पुण्याला फोन केला.

“भाऊ, वहिनीच्या हातचा एक फेडर गेला.”

भाऊ बारीक आवाजात म्हणाले, “टाके सुटले का?”

“नाही. फेडर आतून झिजला. टाके पक्के हायेत.”

“पाह्यलं ना नीट?”

“पाह्यलं भाऊ. भिंगानं पाह्यलं.”

“पक्के हायेत?”

“हो.”

“मंग काढा,” ते म्हणाले. फोन त्यांच्या कानावर आपटत असल्याचा आवाज येत राहिला, आणि मग कोणीतरी तो बंद केला.

माझ्याने लगेच झालं नाही. भाऊ गेल्याचं मुलाने कळवलं, तेव्हा डेस्क अजून माझ्या घरी उघडंच होतं. त्यानंतरच्या रविवारी मी सोल्डर तापवलं आणि तो फेडर काढला. वहिनींचा टाका सुटायला फार वेळ लागला.