गिरणीच्या ओट्यावरच्या केस-स्टड्या

आमच्या चौघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली वाढदिवसाचे केक आणि पोरांचे फोटो, एवढंच पडतं. पण मधूनच कोणीतरी नुसतं "केस" एवढंच टाकतं, आणि मग काय विचारता! जेवणं गार होतात, माझी पोरं ओरडतात, नवरा विचारतो, "हसतेयस कुणाला?" आता त्याला कुठून कुठून सांगायचं? एक किस्सा सांगायला घ्यावा तर त्याची शेपटी धरून दुसरा बाहेर येतो. म्हणून म्हटलं, एकदा बसून सगळे सांगूनच टाकावेत.

तर आधी माणसं. मी मनीषा, कडावची, सेफ्टीचा डिप्लोमा करत होते. आज खालापूरच्या एका कारखान्यात हेल्मेट न घालणाऱ्यांवर ओरडण्याचा पगार घेते. प्रशांत शिळफाट्याचा. घरचा टेंपो चालवायचा आणि बाहेरून ट्रान्सपोर्ट मॅनेजमेंटचा कोर्स करायचा. अमोल कर्जतचा, कॉम्प्युटरवाला, आणि सगळं मलाच कळतं या आजाराचा जुना पेशंट. आणि सुगंधा. ठाकुरवाडीच्या वरच्या अंगाला तिची वाडी, आणि वाडीतली नर्सिंगला गेलेली ती पहिली.

कोर्स चार, पण प्रत्येकात ते केस-स्टडीचं लचांड होतंच! कडावला अमोलच्या चुलत्यांची, तात्यांची, भातगिरणी होती. दर रविवारी दुपारी तिच्या ओट्यावर आम्ही बसायचो. खरं सांगायचं तर बसायचो सुगंधासाठी. तिचं केस प्रेझेंटेशन एकदा गेलं होतं. लिहायची सुरेख, पण परीक्षक समोर आले की तोंडातून शब्द फुटायचा नाही. पुन्हा गेलं तर शिक्षण बंद आणि घरी, असं तिच्या भावानं बजावलं होतं. रविवार संपला की मला आतून धाकधूक व्हायची. वरून आम्ही खिदळायचो, ते वेगळं.

* * *

पहिला मान माझा. सेफ्टीत एक पद्धत असते. अपघात झाला की पाच वेळा "का?" विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. मी ट्रेनिंगला होते तिथला एक कामगार ओल्या फरशीवर घसरला होता. लागलं काही नव्हतं, पण मला केस मिळाली ना!

का घसरला? पायात बूट नव्हते, चप्पल होती. का? बूट घरी राहिले. का? तो घरून आलाच नव्हता, सासुरवाडीहून थेट ड्युटीवर आला. तिकडे का गेला? बायकोला आणायला. ती का गेली होती? रुसून!

मी इमानदारीत उपाय लिहिला: "बायकोशी नीट वागणे. जबाबदार व्यक्ती: नवरा. मुदत: ताबडतोब."

सरांनी भर वर्गात ते वाचून दाखवलं. हसून हसून डोळे पुसले आणि म्हणाले, "पाचव्या 'का'पर्यंत पोचलीस, मग सहावा का नाही विचारलास? ती का रुसली?"

"विचारला ना सर. तो म्हणाला, मॅडम, तेवढं राहू द्या!"

* * *

प्रशांतला असाइनमेंट होती, खोपोलीहून कर्जतला माल नेण्याचा सगळ्यात कार्यक्षम मार्ग सुचवा. पठ्ठ्यानं नकाशा काढला झकास. रंगीत पेनं, बाण, सगळं. फक्त रस्ता कर्जतला न थांबता पुढं कडावला जाऊन परत येत होता.

सर म्हणाले, "हा वळसा कशासाठी?"

"सर, तिथं माझी मामी राहते. चहा देते."

"चहाचा आणि कार्यक्षमतेचा काय संबंध?"

"हाय ना सर! मी कर्जतला गेलो आन मामीकडं नाय गेलो, हे तिला कुणीतरी सांगतंच. मग ती माझ्या आईला फोन करते. आई मला फोन करते. मी टेंपो बाजूला लावून आईची समजूत काढतो. त्यापेक्षा चहा लवकर होतो, सर."

सरांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "मामी कुठली?" निघाली त्यांच्याच नात्यातली! वळसा पास झाला.

* * *

अमोलचं काम मोठ्या डोक्याचं. गावातल्या एखाद्या धंद्याला डिजिटल उपाय द्या, अशी त्याची केस. त्यानं तात्यांच्या गिरणीलाच धरलं. भात भरडायला लोक सकाळपासून येऊन बसतात, वेळ वाया जातो. तर घरबसल्या मोबाईलवर नंबर मिळेल, आपली वेळ झाली की यायचं! ॲप तयार केलं, घरोघरी जाऊन फोनमध्ये घालून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ओटा भरलेला! अमोल एकेकीच्या मागे, "काकू, तुमचा नंबर दुपारी आहे, आत्ता कशाला आलात?"

काकू पाय पसरून बसलेल्या. "ठावं हाय रं. मोबाईलात दिसला. पर घरी बसून काय करू? हितं चार माणसं भेटतात."

अमोल कपाळाला हात लावून बसला. तेवढ्यात दुसरी एक जवळ आली, हळूच म्हणाली, "ए बाळा, माझा नंबर लगेच आलाय रं. जरा मागचा दे की!"

त्यानं रिपोर्टात काय लिहिलं कोण जाणे. पण ॲपमध्ये "मागचा नंबर हवा" असं एक बटण त्याला घालावं लागलं, आणि सगळ्यात जास्त तेच दाबलं गेलं.

* * *

आता हसू नका, हा माझा आहे. मला मॉक ड्रिल करायचं होतं. आग लागली असं समजायचं, धोक्याचा इशारा द्यायचा, आणि सगळ्यांनी शिस्तीत गिरणीबाहेर मोकळ्या जागेत जमायचं. इशाऱ्याला काय वापरू? गिरणीचा भोंगा होताच आयता.

मी भोंगा दिला. आतून तात्या, दोन कामगार आणि आमची गँग शिस्तीत बाहेर आलो. मी घड्याळ बघून खूष! आणि मागे वळते तर काय, रस्त्यानं बाया-बाप्ये धावत येताहेत. कुणाच्या डोक्यावर पोतं, कुणाच्या सायकलला पोतं, आणि सगळे आम्हाला ढकलून गिरणीच्या आत!

अहो, कडावला भोंगा वाजला म्हणजे गिरणी सुरू झाली, हे तान्ह्या पोरालाही ठाऊक. मी कडावची पोर, आणि मलाच सुचलं नाही! पुस्तक डोक्यात शिरलं की गाव बाहेर पडतं, दुसरं काय?

मी दारात हात पसरून आडवी उभी राहिले. "अगं कमळाआत्या, आत नको जाऊस! आग लागलीय असं समज!"

कमळाआत्या पोतं घेऊन माझ्या काखेखालून आत गेली. "लागू दे गं. माझं एकच पोतं हाय, तेवढं काढून घेऊ."

* * *

ती गिरणी आता नाही. तिथं कुणाचा तरी फार्महाऊसचा प्लॉट पडलाय, आणि गेटवर वॉचमन विचारतो, "किससे मिलना है?" काय सांगू त्याला? परवा तिथून जाताना मी गाडीची काच खाली करून उगीचच थांबले. भाताच्या कोंड्याचा तो वास नाकात बसलाय माझ्या, तो काही जात नाही. फार आठवण येते हो, खोटं कशाला बोलू.

* * *

सुगंधाच्या सरावाला पेशंट कायम प्रशांत. ओट्यावर आडवा पडून असा कण्हायचा की रस्त्यावरची माणसं आत डोकावून जायची.

"कधीपासून दुखतंय?" सुगंधा विचारायची.

"लग्नापासून."

"तुझं लग्न कुठं झालंय रं?"

"म्हणूनच दुखतंय!"

एकदा तर तो बरा व्हायलाच तयार होईना. हे दुखतं, ते दुखतं. सुगंधानं शांतपणे सल्ला लिहायला घेतला, "आजपासून चहा बंद." ताडकन उठून बसला. "सिस्टर, मला डिस्चार्ज द्या!"

पण गंमत बघा. प्रशांत समोर असला की सुगंधा घडाघडा बोलायची. मग आम्ही म्हणायचो, आता मनीषा परीक्षक. प्रशांत, तू बाहेर जा. सुगंधा, सांग या पेशंटबद्दल. की झालं! मान खाली, ओठ बंद. दर वेळी तेच. शेवटी एका रविवारी मी चिडलेच. "अगं, सगळं येतं तुला! माझी भीती वाटते का?"

तेव्हा ती म्हणाली, "भीती नाय गं. ज्याची गोष्ट, तो माणूस हितं नाय. आन त्याच्या घरातलं, त्याच्या अंगातलं सगळं मी चारचौघांत सांगायचं? आमच्या वाडीत याला चुगली म्हणतात. कुणाबद्दल बोलायचं तर त्याला समोर बसवून बोलायचं."

इतके रविवार आम्ही तिला धीट करत होतो, आणि ही बाई मुळात घाबरलेलीच नव्हती!

* * *

आता हा शेवटचा.

तिची खरी केस होती बुधाबाबाची. तिच्याच वाडीच्या पुढच्या वाडीतला म्हातारा. कोयता लागून पायाची जखम चिघळली होती, आणि दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर यायचा. सुगंधानं त्याच्या घरी जाऊन जाऊन, ड्रेसिंग करून, शेवटी समजावून त्याला दवाखान्यात नेलं होतं. पाय वाचला. असली केस हातात, आणि ही परीक्षेत तोंड उघडणार नाही!

अमोल म्हणाला, "व्हिडिओ कॉलवर घेऊ." वाडीत रेंज नाही. प्रशांत म्हणाला, "मग आणू की त्याला. माल उचलायचा आन पोचवायचा, हाच तर माझा कोर्स हाय!"

सुगंधा बुधाबाबाला विचारून आली. तो म्हणाला, माझ्याबद्दल बोलणार असाल तर मला आलंच पाहिजे. यात विचारायचं काय?

परीक्षेच्या दिवशी तो डोंगर उतरून खाली आला, धुतलेलं मुंडासं बांधून. तिथून टेंपोत, मागं हौद्यात. मी प्रशांतशेजारी पुढं बसले. कॉलेजच्या शिपायाला काय पटवलं ते प्रशांतलाच माहीत, पण हॉलच्या दारापर्यंत आम्ही पोचलो, आणि सुगंधाचं नाव पुकारल्याबरोबर बुधाबाबा सरळ आत! मी दारात.

बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "हे कोण?"

"माझे पेशंट, मॅडम."

"पेशंटला कशाला आणलंस? फाईल पुरे असते."

सुगंधाची मान खाली गेली. मला वाटलं, संपलं!

बुधाबाबा मधोमध फरशीवर बसला. "बाय, माझ्या पायाबद्दल बोलणार, आन मी नको? पाय माझा हाय."

सुगंधानं त्याच्याकडे बघितलं, आणि सुरू झाली! मॅडमकडे नाही, त्याच्याकडे बघून. जखम कशी होती, साखर किती वाढली होती, घरात काय शिजायचं, कुणाचं ऐकायचा, कुणाचं नाही, सगळं. मधूनमधून तो मान हलवत होता. एकदा म्हणाला, "हे बरोबर." मॅडमनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंसुद्धा तिनं त्यालाच दिली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

ती थांबली. मॅडमनी बुधाबाबाला विचारलं, "काय बाबा, ही सांगते ते सगळं खरं?"

"खरं हाय. पर एक लपवलं तिनं."

सुगंधाचा चेहरा पांढरा पडला. केसमध्ये काही लपवलं म्हणजे नापासच की हो!

"काय लपवलं?" मॅडमचा आवाज करडा झाला होता.

"पयल्या दिशी ही आली तवा मी हिच्या अंगावर कुत्रा सोडला. ही पळाली नाय. पिशवीत हिची भाकर होती, ती त्याला घातली, आन माझ्या पायाशी येऊन बसली. म्हणाली, बाबा, पाय दाखवा."

मॅडमनी चष्मा काढला. बराच वेळ पुसत राहिल्या. मग मार्कांचा कागद पुढे ओढून काहीतरी लिहिलं आणि तो पालथा घातला. सुगंधा पास झाली, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुमचं पुढे लक्ष लागायचं नाही. वर्गात कुणाला नाही इतके मार्क होते तिला.

पण त्या वेळी मॅडमनी चष्मा घातला आणि जरा घोगऱ्या आवाजात एवढंच विचारलं, "आणि तो कुत्रा कुठंय आता?"

बुधाबाबानं दाराकडं बोट केलं.

"भायेर बसलाय. म्हटलं, त्याचंबी नाव निघंल."