पॅच आणि खोबरेल

डॉक्टरणीनं स्कॅनचा पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, "लाइनिंग बहुत पतली है. इस महीने भी ट्रान्सफर कॅन्सल."

लाइनिंग म्हणजे पिशवीच्या आतलं अस्तर. एम्ब्रियो, म्हणजे बाळाचा पहिला गोळा, त्यात रुजतो. आमचा एकच उरला होता, लॅबमध्ये गोठवलेला. अस्तर सात मिलिमीटर झाल्याशिवाय तो बाहेर काढून माझ्यात सोडणार नव्हते. माझं पाचाच्या वर जात नव्हतं.

अस्तर वाढायला पोटावर पॅच लावायचे होते. त्यातलं इस्ट्रोजेन हे औषध कातडीतून आत जातं. माझे पॅच सुटायचे. मला वाटायचं, घामानं.

दापोलीहून सासूबाई माझ्यासाठी इथं दुबईत, अल कुसैसला आल्या होत्या. मी त्यांना अम्मा म्हणते. हे कामावर गेले की अम्मा माझ्या पोटाला गरम खोबरेल चोळायच्या. "पिशवी थंड पडलीय तुझी." नको म्हणायची हिंमत नव्हती. डोळे मिटून पडायचे. ह्यांनी दुसरी केली तर, एवढंच मनात यायचं. कधी वाटायचं, मीच नसले तर सगळे सुटतील.

पुढच्या वेळी अम्मा सोबत आल्या. डॉक्टरणीनं स्वतः पॅच लावला. तो सरकला.

"ये क्या लगाया है?"

मी खाली बघितलं. अम्मा अभिमानानं म्हणाल्या, "खोबरेल. घरच्या नारळाचं."

"अम्मा, तेल पे पॅच चिपकेगा नहीं. दवा अंदर कैसे जाएगी?"

घरी आल्यावर अम्मा म्हणाल्या, "मी काय वाईट करायला गेले होते?"

"नाही हो अम्मा."

मग प्रत्येक पॅचआधी त्याच माझं पोट साबणानं धुवायच्या, कोरडं पुसायच्या.

अस्तर सातावर गेलं. डॉक्टरीण म्हणाली, "खलास, अब करते हैं." इथं खलास म्हणजे झालं, ठरलं. एम्ब्रियो आत सोडला.

राहिला नाही. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा मी बाथरूममध्ये नळ सोडून बसले. आता लॅबमध्ये आमचं काही नाही.

तुला कुणी पॅच दिले तर पोट कोरडं ठेव, बाई. घरात जे करतात ते डॉक्टरला सांग, लाज वाटली तरी.

परवा गावाहून नणंदेचा फोन आला. स्पीकरवर होता. "वहिनीच्या पिशवीतच खोट आहे."

अम्मा म्हणाल्या, "गप गो. पिशवी चांगली आहे तिची. डॉक्टरणीनं माझ्यासमोर मोजलीय."