तिसरी सही

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी आम्हाला एक जाडजूड इंग्रजी कादंबरी नेमलेली होती. तिची शेवटची पाच प्रकरणं शिकवायला आमच्या प्राध्यापकांनी दोन महिने घेतले. दलदलीकाठचं एक घर, त्यात उतरलेला एक अबोल पाहुणा आणि पावलापावलाने जवळ येणारं अरिष्ट, एवढीच गोष्ट. पण प्राध्यापक एकेका वाक्याची उलटतपासणी घेत. पाहुणा दारात नको इतका वेळ बूट का पुसतो? खुंटीवरची किल्ली आज का दिसत नाही? पुढच्या संकटाच्या अशा खुणांना ते चाहूल म्हणत. "लेखक जे दोनदा सांगतो, ते तिसऱ्यांदा अंगावर येतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चाहुली हुडकण्यात वर्गात माझा हात धरणारा कोणी नव्हता, आणि त्याची मला चांगलीच घमेंड होती.

नागपुरात आम्ही महालातल्या एका विद्यार्थी-बोर्डिंगात राहत असू, एका खोलीत चौघं. स्वातंत्र्याच्या चळवळीचे दिवस होते. माझ्या खोलीतले दोघं चोरून पत्रकं वाटत. माझे वडील भंडाऱ्याला सरकारी कचेरीत कारकून. खोलीत पत्रक सापडलं असतं तर त्यांची नोकरी गेलीच म्हणून समजा. त्यामुळे येणारा-जाणारा पोलिसांचा माणूस तर नाही ना, हे आधी बघायची आम्हाला सवयच लागली होती.

चौथा सावनेरचा. कमी बोलणारा, आपलं ताट आपणच दोनदा धुणारा. त्याचे विषय वेगळे, ही कादंबरी त्याला नव्हती, पण गोष्ट ऐकायची त्याला हौस होती, म्हणून दर रविवारी दुपारी मी मोठ्याने वाचायचो आणि तो आपल्या ट्रंकेवर बसून ऐकायचा. ऐकता ऐकता एका वहीत भराभर लिहायचा. एकदा मी मान लांब करून पाहिलं, तर मोडी! आमच्या पिढीतल्या फार थोड्यांना ती लिपी येत होती, मला तर एक अक्षर लागेना. इंग्रजी कादंबरीची टिपणं कोणी मोडीत घेतं का?

"काय लिहितोस रे?" मी विचारलं.

त्याने वही मिटली. "काही नाही गा. उगीच."

ते 'उगीच' माझ्या डोक्यात बसलं. पुढच्या गुरुवारी तो चौकात एका पोलीस शिपायाच्या हातात कागदाची घडी देताना दिसला. त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. दोनदा! मी धावतच खोलीवर आलो आणि बाकीच्या दोघांना सगळं सांगितलं, अगदी प्राध्यापकांच्या थाटात, एकेक खूण उलगडून.

"मंग बरोबर आहे," एक जण म्हणाला. "आपण बोलून राहिलो की याची लेखणी सुरू. काहून, ते समजलं आता."

बोर्डिंगात एक नियम होता. खोलीतल्या तिघांनी कागदावर सही केली की चौथ्याने खोली सोडायची. कारण विचारायचं नाही. खोल्यांमधली भांडणं व्यवस्थापकांना निस्तरायला नको होती. परीक्षा महिन्यावर आली होती आणि अशा वेळी दुसरं कुठलंही बोर्डिंग त्याला घेणार नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. म्हणजे वर्ष जाणार. दोघांनी सह्या केल्या. तिसरी माझी. त्याने तो कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि ट्रंक उचलली.

चार दिवसांनी त्याच्या गादीखाली ती वही सापडली. पुरावा हाती लागला म्हणून मी ती मिरवतच व्यवस्थापकांकडे नेली. म्हातारा मोडी जाणणारा होता. त्यांनी चष्मा चढवला, दोन पानं उलटली.

"अरे, हे त गोष्ट होय. चिखलात घर आहे, पाहुणा आला आहे. वर लिहिलं आहे, तीर्थरूप बाबांस." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्याचे वडील मालगुजाराकडे जमिनीचे हिशोब मोडीत लिहिणारे दिवाणजी होते. मांडी मोडून पडले आहेत वर्षभर. मोडीशिवाय त्याईले वाचता येत नाही. गावचाच एक शिपाई आहे, थो शुक्रवारी घरी जाते, त्याच्या हाती याची नक्कल करून पाठवे."

"मग तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही कुठं विचारलं?"

त्यांनी मला शेवटचं पान वाचून दाखवलं. वहीतला मजकूर शेवटच्या दोन प्रकरणांच्या आधीच थांबला होता. तिथवरच मी त्याला वाचून दाखवलं होतं.

रविवारी कादंबरी पिशवीत घालून मी सर्व्हिस मोटारीने सावनेर गाठलं. तो दारातच भेटला. मला आत घेऊन गेला. वडील खाटेवर उशीला टेकून बसले होते. कॉलेजला अभ्यासाची सुट्टी लागली, असं त्याने त्यांना सांगितलं होतं.

"तुम्हीच वाचून दाखवता म्हणे," म्हातारा खुशीत म्हणाला. "शेवट परवाच वाचला. मले त वाटे, थो पाहुणा दगा देते. पण नाही! घरच्या लोकायनंच उगा त्याच्यावर शक घेतला. शेवटी सारे एका पंगतीत जेवाले बसले. असंच आहे ना पुस्तकात?"

पुस्तकात तो पाहुणा घर पेटवून देतो. माझ्या मित्राने न ऐकलेली दोन प्रकरणं स्वतःच लिहून काढली होती. तो खाली मान घालून उभा होता.

"हो जी," मी म्हटलं. "असंच आहे."

मोटारीपर्यंत तो पोचवायला आला. मी गयावया केली. माझी सही मागे घेतो, व्यवस्थापकांशी बोलतो, तू परत चल.

"यंदा राहू दे. त्या खोलीत मले आता वाचणं होणार नाही." थोडं चालून तो थांबला. "सही करताना तुले काहीच नाही वाटलं काय गा?"

"वाटलं ना. फार वाईट वाटलं," मी म्हटलं.

ते खोटं होतं. मला आनंद झाला होता. कोणाच्या लक्षात न आलेलं मी आधी ओळखलं, याचा आनंद. त्या दोघांनी सह्या कशाबशा खरडल्या होत्या, आणि मी मात्र टाक दौतीत नीट बुडवून, सावकाश, वळणदार अक्षरात केली होती.