गुरुवारचा चहा

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेकदा हसून पान उलटतो. मी भौतिकशास्त्राचा पदवीधर, आमच्या घरातला पहिलाच. लांज्याच्या शाळेत सरांनी शिकवलं होतं, की जे मोजता येतं तेच मानायचं. आजवर तेच धरून चाललो. तरी हे लिहितोय...

मी सौदीत, रास तनुराला एका कॅम्पमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. खोलीत आम्ही दोघं - मी आणि दत्तारामकाका. काका गुहागरकडचे, पाइप फिटर, अठ्ठावीस वर्षं आखातात. माझी नोकरी त्यांच्याच शब्दावर लागली. मी शिकलेला म्हणून मला ‘मास्तर’ म्हणायचे.

शाळेतल्या त्याच सरांनी एकदा फळ्यावर नॉर्वेचा फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची खोल खाडी, काढला होता. तो डोळ्यांनी बघायचं तेव्हापासून मनात होतं. यंदा सुट्टी आणि व्हिसा दोन्ही जमलं.

“जा, जा,” काका म्हणाले. “गोठून आलास तर पाइपासारखं लॅगिंग गुंडाळून ऊबेत ठेवीन तुला!”

नेमकं तेव्हाच काकांचं फायनल एक्झिट लागलं. म्हणजे नोकरी संपवून कायमचं घरी. विमान रविवारचं.

“गुरुवारपर्यंत येशील ना?”

“गुरुवारचं तिकीट महाग आहे, काका. शनिवारचं दोनदा विमान बदलून स्वस्तात मिळतंय.”

“बरं, शनिवारी ये. पण ये हां. एकदा निवांत चहा पिऊ, मग मी सुटलो.”

नॉर्वेत बर्गनला मी सहा खाटांच्या हॉस्टेलमध्ये उतरलो. आईने भाजून दिलेला रवा सोबत होता, पाणी नळाचं, फिरणं पायी. पहिल्या दिवशी दुपारी पोचलो तर काउंटरवरच्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, “तुम्ही सकाळीच आलात ना? बॅग ठेवल्याचा आवाज ऐकला मी.” मी नाही म्हटल्यावर त्या हसल्या. “आमच्याकडे होतं असं. कधीकधी माणसाची चाहूल माणसाच्या आधी येते.” मीही हसलो.

फ्योर्ड बघितला. सरांनी काढला होता तसाच.

गुरुवारी पाऊस होता. दुपारी अडीचच्या सुमारास हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसलो होतो, तिथेच डोळा लागला. अर्ध्या तासाने जाग आली ती जीभ भाजल्यामुळे. खरोखर भाजली होती, शेंड्याला फोड आला होता. आणि तोंडात सुंठेची चव... सकाळपासून मी ब्रेड आणि थंड पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. काका चहात सुंठ घालतात आणि उकळता ओततात, हे आठवून गंमत वाटली. एवढंच.

शुक्रवारी निघालो. रोमिंग महाग, म्हणून नॉर्वेत उतरल्यापासून फोन बंदच होता. शनिवारी दम्मामला उतरल्यावर मेसेज दिसला - गुरुवारी काका गेले. हृदयविकाराचा झटका.

कॅम्पवर शेजारच्या खोलीतले खलीलभाई दाराशीच उभे होते. श्रीवर्धनचे, काकांचे जुने सोबती. माझ्याकडे ते विचित्र नजरेने बघत होते.

“मास्तर, तू गुरुवारी आला नव्हतास?”

“आत्ता येतोय, खलीलभाई. ही बॅग बघा.”

“अरे, साडेतीनला बॅग आपटल्याचा आवाज आला. मी दार वाजवलं तर दत्ताराम फटीतून म्हणाला, ‘हळू बोल, मास्तर आलाय, चहा टाकलाय.’ खूष होता. मग बराच वेळ दोघांचं बोलणं, हसणं... पाचला गेलो तर दार उघडं, तो खुर्चीत. एकटाच.”

आमच्या वेळेत आणि नॉर्वेच्या वेळेत उन्हाळ्यात एका तासाचा फरक. तिथे अडीच, तेव्हा इथे साडेतीन.

आत गेलो. काकांची बॅग बांधून तयार, वर पत्ता लिहिलेला. टेबलावर त्यांचा कप. माझ्या खाटेच्या बाजूला स्टीलचा पेला, तळाशी सुंठेचा गाळ. पदवी मिळाली तेव्हा आईने माझं नाव घालून दिलेला पेला. जाताना तो मी लॉकरमध्ये ठेवला होता. लॉकरला अजूनही कुलूप होतं आणि एकुलती एक किल्ली माझ्या खिशात.

काकांकडे दुसरी किल्ली असेल, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. त्यांच्या सामानात सापडली नाही. जिभेवरच्या फोडाचं तर काहीच सांगता येत नाही. ते एकटे गेले नाहीत, याचं समाधान मानावं असं आई म्हणते. पण तिकिटाचे पैसे वाचवायला दोन दिवस उशिरा येणारा मी होतो, आणि त्यांच्यासोबत शेवटचा चहा प्यायला तो कोण, हे मला ठाऊक नाही.

त्या दिवशी मी खलीलभाईंना विचारलं होतं, “काका काय बोलत होते हो?”

“मला काय विचारतोस? आत तू होतास.”